उरलेले केस उद्या

अख्ख्या गल्लीच्या डोक्यांवरून ज्याचा हात फिरतो, त्याच्याच लेकीचे केस नाकापर्यंत यावेत, याला काय म्हणावं? सलूनमधली गिऱ्हाइकं 'दिव्याखाली अंधार' म्हणत. तो हसून घेई, पण मनाला लागायचंच. चिंगी पाच वर्षांची. कानाजवळ कात्री कचकचली की ती असा टाहो फोडी, की दाढीला बसलेला माणूस साबणासकट उठून बघे. केस डोळ्यांवर येऊन ती दारावर आपटली, कपाळाला टेंगूळ आलं, तरी बाईसाहेब डोक्याला हात लावू देत नव्हत्या.

"तुझ्याएवढा होतो ना, तेव्हा मी पुतळ्यासारखा बसायचो," तो तिला सांगे. बाबाच्या लहानपणाबद्दल तिला ठाऊक होतं ते एवढंच: बाबा पुतळ्यासारखा बसायचा, ताटातलं सगळं संपवायचा आणि अंधाराला भीत नसे. असलं लहानपण पोरीच्या काय कामाचं?

अशात त्याची थोरली बहीण चार दिवस राहायला आली. एका सकाळी ती चिंगीला घेऊन सलूनमध्ये डोकावली, तेव्हा बाक माणसांनी भरला होता. भावानं सवयीनं पुतळ्याचं पुराण सुरू केलं आणि ती खो खो हसायलाच लागली.

"पुतळा? हा? चिंगे, तुझा बाप खुर्चीखाली जाऊन बसायचा. पाय धरून ओढायला लागायचं त्याला!"

"ताई, अगं गिऱ्हाइकं आहेत," तो दबक्या आवाजात म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती बहिणीनं भर दुकानात उघडली होती.

चिंगीनं दोन्ही हातांनी डोळ्यांवरचे केस बाजूला केले आणि बाबाला नीट पाहून घेतलं.

"मग तुझे केस कसे कापले?"

तो टॉवेल झटकत बसला. शेवटी आत्याच म्हणाली, "एक म्हातारे कारागीर होते. ते म्हणायचे, आज एकच बाजू कापू, उरलेले उद्या. आणि हा शहाणा अर्धं डोकं घेऊन दिवसभर हिंडायचा."

"मला पण तसंच पाहिजे," चिंगी म्हणाली.

आता आली का पंचाईत! सलूनवाल्याचीच पोर अर्धवट डोक्यानं रस्त्यावर फिरली, तर दुकानाची अब्रू ती काय राहणार? एक बाजू झाली की धरून दुसरीही उरकायची, असं त्यानं मनाशी ठरवलं. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी ठेवून त्यानं तिला बसवलं. तिनं डोळे मिटले, मुठी आवळल्या, पण रडली नाही. उजवी बाजू झाली.

"बास. उरलेले उद्या."

त्याचा हात तिच्या खांद्यावर गेला होता. धरलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. तिचा खांदा एवढासा होता, आणि आक्रसला होता.

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं तिला खाली उतरवलं.

ती तडक दारात जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगू लागली, "माझा बाबा पण अस्साच होता! खुर्चीखाली लपायचा!"

बाकावर बसलेल्या शिंप्यानं मान वर केली. "काय हो, खरं म्हणते की काय पोरगी?"

लहान पोरांचं काय मनावर घेता, हे अगदी त्याच्या जिभेवर आलं होतं. पण चिंगी दारातून त्याच्याकडेच बघत होती.

"खरं आहे," तो म्हणाला. "आणि एकदा तर मी त्या म्हाताऱ्या कारागिरांच्या बोटाला कडकडून चावलो होतो."

"अगंबाई! हे मला नव्हतं हं माहीत," बहीण म्हणाली. सगळं दुकान हसलं, त्यात तोही हसला. लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण उलट मोकळंच वाटलं.

चिंगी पळत आत आली आणि कुणी न सांगता फळीवर चढून बसली.

"चावलास? रक्त आलं? ते ओरडले का तुला?"

"उद्या सांगतो."

"नाही, आत्ता! सांगता सांगता काप."

त्यानं बाकाकडे बघून जरा दमानं घ्या अशी खूण केली आणि कात्री उचलली. हात मात्र मुद्दाम सावकाश चालवला. एका बाजूचे केस ते कितीसे असणार, आणि तिला सांगायचं तर केवढं तरी राहिलं होतं.