नॉर्मलबाईचं रक्त

आमच्या लॅबमध्ये तीस वर्षं एकच रक्त नॉर्मल होतं, ते माझं. मशीनला रोज सकाळी आधी एक चांगलं रक्त पाजावं लागतं, म्हणजे मग पेशंटांचे आकडे खरे की खोटे ते कळतं. कंपनीची तयार नमुन्याची बाटली त्यासाठीच असते, पण ती कायम संपलेली. मग मी बाही वर करायची. लिव्हरची एंझाइम आज किती? चोवीस. काल? तेवीस. त्यावरून माझं नाव पडलं नॉर्मलबाई. मीही ते मिरवलं, खोटं कशाला बोलू?

बाकीच्यांची मला कीव यायची. मी स्वतः सात महिन्यांची गरोदर होते तेव्हा जुने साहेब म्हणाले, "बाई, एकदा हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्या." मी त्या सकाळचा कागद त्यांच्या नाकासमोर धरला. "साहेब, ज्या रक्तावर सगळ्या जगाला तपासता, त्यालाच तपासणार?" बिचाऱ्यांचा चेहराच पडला. चहाच्या वेळी हा किस्सा मी शंभरदा तरी सांगितला असेल, आणि दर वेळी साहेबांचा चेहरा थोडा जास्तच पडायचा.

तेव्हा पोटात होती तीच लेक आता स्वतः सात महिन्यांची गरोदर आहे. तिच्या डॉक्टरांनी तिलाही तीच तपासणी लिहून दिली.

"आई, करू का गं?"

"कर, हौस असेल तर. या लोकांना लिहायला काय जातंय? आपल्यात नाही हो तसलं काही."

चिठ्ठी तिच्या पर्समध्येच राहिली.

मग नवीन डॉक्टरीणबाई आल्या. आल्या त्या नियमांचं बाड घेऊनच. माणसाचं रक्त मशीनला लावायचं तर आधी ते तपासलंच पाहिजे, म्हणे. मी मनात म्हटलं, उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. तोंडाने म्हटलं, "खुशाल तपासा." आणि हिपॅटायटिस बीच्या तपासणीच्या कार्डावर थेंब मी माझ्याच हाताने टाकला.

पंधरा मिनिटांनी एक रेघ दिसायला हवी होती. दोन दिसल्या.

"कार्डच खराब आहे," मी म्हटलं. दुसरं घेतलं. दोन. नवा डबा फोडला. दोन. बाईंनी तिन्ही कार्डं ओळीत मांडली, तेच जास्त झोंबलं.

"अहो, पण एंझाइम चोवीस आहेत!"

"असतीलच," त्या म्हणाल्या. "हा विषाणू स्वतः पेशी फोडत नाही. त्याला हुडकताना आपलं शरीरच त्या फोडतं. हुडकलंच नाही तर पेशी फुटत नाहीत, मग एंझाइमचा आकडा कशाला वाढेल?"

हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! नवीन पोरींना मीच शिकवायचे, तेही हात नाचवून. हा मेला लिव्हरच्या पेशीत शिरतो, पार तिच्या गाभ्यात जाऊन बसतो आणि कुणाला चाहूल लागू देत नाही. वर आपली रिकामी टरफलं रक्तात सोडतो, मोजता येणार नाहीत इतकी. शरीराचे राखणदार त्या टरफलांमागे धावून दमतात आणि हा आत पाय पसरून राहतो. कार्डावर उमटतात ती हीच टरफलं. राखणदारांना निदान फसवावं तरी लागलं. मला कुणी फसवलं? मीच दाराशी बसून तीस वर्षं दवंडी पिटत होते, की आत कोणी नाही.

दुपारी लेकीला बोलावलं, माझं कार्ड दाखवलं. खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधला. "मूठ आवळ," म्हटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा दोनदा टोचावं लागलं. डॉक्टरीणबाई शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांनी सुई मागितली नाही. त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

दोन रेघा.

लेक कार्डाकडे बघत राहिली. मग तिने पोटावर हात ठेवला.

"बाळाला होईल?"

"नाही होऊ द्यायचं," बाई म्हणाल्या. "तुमच्या रक्तात विषाणू किती आहे ते आधी बघू. फार असला तर लगेच गोळ्या. आणि जन्मल्यावर बारा तासांच्या आत बाळाला दोन इंजेक्शनं. बहुतेक बाळं वाचतात."

"आणि नाही दिली तर?"

"इतक्या लहान बाळाच्या शरीराला तो परका वाटतच नाही. मग तो जन्मभर राहतो."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी भांडले असते, ते मला चांगलं जमतं.

"म्हणजे मला तो जन्मताना आला," ती म्हणाली. "आई, तेव्हा होती का गं ही इंजेक्शनं?"

"होती."

"मग तुला तपासून घ्यायला कुणी सांगितलंच नाही?"

चहाच्या वेळचा तो किस्सा तिनेही लहानपणापासून ऐकलेला होता. हसलीही होती दर वेळी. तिला तो आत्ता आठवला नव्हता, आणि मला तो पुन्हा एकदा सांगावा लागणार होता.

"सांगितलं होतं," मी म्हटलं.