मरळ माझ्या पोटात असताना

मित्रांनो, मी पेटी आहे आणि जुनी आहे, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते. कशाची पेटी, असं विचारलंत तर मात्र माझी पंचाईत होते. माझं अंग निळं आहे आणि झाकण पांढरं. माझ्या भिंती दुहेरी आहेत आणि मधली पोकळी फेसासारख्या हलक्या पदार्थानं भरलेली आहे. त्यामुळे बाहेरचं ऊन सहजासहजी आत शिरत नाही आणि आतला गारवा लवकर बाहेर पडत नाही. तळाशी एका कोपऱ्यात भोक आहे आणि त्याला रबरी बूच आहे. ज्यांनी मला घडवलं त्यांनी हे सगळं मला दिलं, पण कशासाठी दिलं ते सांगायचं मात्र ते विसरले.

सुरुवातीची वर्षं मी खोपोलीच्या एका दुकानात काढली. तेव्हा मला वाटायचं, मी सरबताच्या बाटल्यांची पेटी आहे. लग्नसराईत मला मांडवात नेत आणि पाहुणे माझ्या गारव्याचं तोंडभरून कौतुक करत. पुढे मला महडच्या जत्रेत नेऊन कुल्फ्या भरल्या, तेव्हा वाटलं, आपण कुल्फीची पेटी असू. मग दुकानात मोठा फ्रीज आला आणि माझी रवानगी चौक गावातल्या एका गॅरेजमध्ये झाली. तिथे मालकानं, म्हणजे लियाकतनं, माझ्यात पाने, नट-बोल्ट आणि ग्रीसचे बोळे भरले. या लोखंडाला थंड कशाला ठेवायचं, हे मला कधीच उमगलं नाही. तरी मी मुकाट्यानं ते थंड ठेवत राहिले.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. एके दिवशी लियाकतनं मला रिकामं केलं, सोड्यानं घासलं, गरम पाण्यानं धुतलं आणि घरी नेलं. त्याचं घर चौकजवळच्या एका गावात आहे. त्याच्या ओट्यावरून समोर बोळापलीकडे साईनाथचं घर दिसतं. साईनाथ खोपोलीच्या कारखान्यात कामाला जातो. दोघे लहानपणापासूनचे दोस्त आहेत, आणि मला बाहेर काढण्याचं कारण साईनाथचे वडील बुधाजीकाका होते.

बुधाजीकाकांना टायफॉइड झाला होता. ताप उतरला, पण तोंडाची चव परत आली नाही. त्यांच्या बायकोनं, जिजाकाकींनी, मऊ भात केला, पेज केली, मुगाचं कढण केलं, पण काका एक घास घेत आणि ताट सारत. अंथरुणावरून उठायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता पोटात अन्न गेलं नाही तर औषधाचा उपयोग नाही. घरातले सगळे काकांच्या मागे लागले की काय खाल ते सांगा. तेव्हा ते एकदाच बोलले.

"मरळीचा रस्सा असता तर गेले असते दोन घास."

आता मरळ म्हणजे गोड्या पाण्यातला मासा, लांबट, काळपट, अंगानं भरलेला. दुखण्यातून उठणाऱ्या माणसाला तो खाऊ घालायची इकडे जुनी पद्धत आहे. साईनाथला सुट्टी फक्त रविवारची. एरवी हे दोघे तळ्यावर मौजेखातर गळ टाकायला जात, मासा मिळाला तर मिळाला. या रविवारी मात्र मिळायलाच हवा होता. लियाकतनं माझ्यात बर्फाचा चुरा भरला आणि आम्ही निघालो. वाटेत नाक्यावर साईनाथनं दोन वडापाव खाल्ले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यावरून बोलणी बसली.

तळ्यावरच्या होडीवाल्याकडून त्यांनी छोटी होडी घेतली. मी आयुष्यात पहिल्यांदाच पाण्यावर गेले. जमीन हलत कशी राहते, हे काही केल्या मला समजेना. दोघांनी गांडुळं लावून गळ टाकले. आधी चार-पाच चिलापी लागल्या, तळ्यात कुणालाही मिळणारे साधे मासे. साईनाथ प्रत्येक चिलापीकडे रागानं बघायचा, जणू तिनं मरळीची जागा अडवली होती. ऊन कलायला लागलं तसा तो पाण्याकडे टक लावून बसला.

"साई, पाण्याकडं बघून मासा येत नाय," लियाकत म्हणाला. "जरा दम खा."

आणि मग काठाजवळच्या गवतात दोर ताणला गेला. होडी कलली, मीही घसरले, आणि दोघांनी मिळून हातभर लांबीची मरळ आत ओढली. साईनाथ हसत होता आणि डोळेही पुसत होता. मला वाटलं, ही रडायची वेळ आहे की हसायची, ते आधी ठरवावं.

पुढे जे झालं ते लियाकतनं अगदी मन लावून केलं. त्याचे वाडवडील समुद्रकाठचे. मासा धरला की त्याला तडफडत ठेवायचं नाही, लगेच मारायचा, रक्त काढायचं, पोट साफ करायचं आणि बर्फात घालायचा, हे त्याला घरातूनच मिळालेलं. त्यानं एका फटक्यात मरळीला शांत केलं. कल्ले चिरून रक्त जाऊ दिलं, आतडी काढली, पोटात बर्फ भरला. मग खाली बर्फ, मध्ये मरळ, वर बर्फ. माझं बूच त्यानं जरासं सैल ठेवलं, म्हणजे वितळलेलं पाणी वाहून जाईल आणि मासा पाण्यात बसून पांचट होणार नाही. त्या क्षणी मला आतून वाटलं की अरे, आपण याचसाठी जन्मलो होतो. पण हे समाधान संध्याकाळपर्यंतच टिकलं.

जिजाकाकी दारातच उभ्या होत्या. साईनाथनं मला आपल्या ओट्यावर टेकवलं आणि झाकण उघडलं. काकींचा चेहरा आधी फुलला आणि मग पडला.

"आज काय हाय, ठाव हाय का रं तुला?"

"रविवार."

"संकष्टी हाय. तुझापण उपास व्हता."

साईनाथनं मान खाली घातली. कारखान्यातल्या माणसाला सुट्टीचा वार तेवढा पक्का लक्षात राहतो. काकींनी त्याचं तोंड बघूनच ओळखलं आणि वडापावापर्यंतची सगळी चौकशी उरकली.

"बरं, उद्या कर मग," तो म्हणाला.

"उद्या सोमवार."

"मंगळवारी?"

"मंगळवार मी तुझ्या बाबासाठनं महडच्या गणपतीला बोललीय. त्यांना बरं वाटंस्तवर पाळणार हाय." काकींनी वाकून मरळीला हात लावला आणि त्या दचकल्या. "अरं, ही मेलेली हाय?"

"आमी तिथंच साफ केली, काकी," लियाकत मोठ्या अभिमानानं म्हणाला.

काकी मटकन खाली बसल्या. "मरळ कुनी मारून आणतं का रं? जित्ती आणायची. टोपात पाणी घालून वर जाळी टाकली तर बुधवारपत्तुर खुशाल ऱ्हाते ती."

लियाकत साईनाथकडे बघू लागला आणि साईनाथ लियाकतकडे. एकाला समुद्राची रीत माहीत होती. दुसऱ्यानं लहानपणी घरात टोपातली मरळ पाहिली होती, पण आनंदाच्या भरात त्याला ती आठवलीच नाही. आणि मी? ज्या कामासाठी माझी वाहवा झाली, तेच चुकीचं होतं म्हणे. माझी मती गुंग झाली.

"काकी, आमच्यात शिजवते ना मी," बोळापलीकडून येऊन लियाकतची बायको हमिदा म्हणाली. "रस्सा पाठवून देते."

"आज घरात नाय आणायचा," काकी हळूच म्हणाल्या. "आणि आजारी माणसाच्या तोंडी मीच घालायचं म्हणत व्हती." एवढं बोलून त्या घरात गेल्या. चिलापी हमिदाच्या तव्यावर गेल्या. मरळीला घेऊन मी समोर लियाकतच्या ओट्यावर गेले. त्यानं नाक्यावरून आणखी बर्फ आणून माझ्यात भरला.

सोमवारी पुरुष कामाला गेले. ऊन वर आलं तसा बर्फ विरघळू लागला आणि बुचाकडून पाण्याची धार लागली. मी जिवाच्या आकांतानं गारवा धरून ठेवत होते, पण बुधवार फार लांब होता. समोरून काकांचं ताट जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर आलेलं मी पाहिलं. थोड्या वेळानं काकी बोळ ओलांडून आल्या आणि त्यांनी माझं झाकण उघडलं. त्यांनी मरळीवर बोट दाबलं. मांस पुन्हा वर आलं, म्हणजे मासा अजून ताजा होता. त्यांनी झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. इतका गोंधळलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. ज्या माणसासाठी त्या वार पाळत होत्या, तोच माणूस त्या वारांमुळे उपाशी राहत होता. देवाला दिलेला शब्द मोडावा तर भीती, पाळावा तर ही अशी भीती. माझ्या झाकणावर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडलं. ते कोमट होतं आणि मी काही ते आत येऊ दिलं नाही.

"हमिदा," त्यांनी हाक मारली. "घे गं ही. शिजव."

"आणि काका?"

"आणते मी त्यांना."

हमिदानं मरळ राखेनं चोळून बुळबुळीत थर काढला, खवलं काढली आणि तुकडे केले. काकी ओट्यावर माझ्या शेजारी आतल्या चुलीकडे पाठ करून बसल्या. वास घ्यायचा नाही म्हणून त्यांनी नाकाला पदर लावला. पदरातूनच त्यांचं चाललं होतं, "आमसूल दोनच टाक. मिरची नको गं जास्त. लसूण ठेचून घे." हमिदा म्हणाली, "काकी, आत येऊन बघा की." काकी म्हणाल्या, "मला कशाला, मी काय खानार हाय?" आणि पुढच्याच दमात त्यांनी मीठ किती घातलं ते विचारलं.

मग त्या समोर गेल्या. बराच वेळ कुणी दिसेना. मला वाटलं, काका उठणार नाहीत. शेवटी दोघे दारात दिसले. काकांचा एक हात काकींच्या खांद्यावर होता आणि दुसरा चौकटीवर. हमिदानं धावत जाऊन दुसरी बाजू धरली. एवढासा तो बोळ, पण मध्येच काका थांबले.

"अगं, सोमवार ना आज?"

"हाय ना. सोमवार माझा हाय. तुमी जेवा."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून दोघांनी मिळूनच वार पाळलेले. ते आत गेले. काकी परत माझ्याजवळ टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. आत वाटी ठेवल्याचा आवाज झाला. काकींचे ओठ हलत होते. त्या देवाची माफी मागत होत्या की त्याला दम देत होत्या, मला सांगता येणार नाही.

"हमिदा," आतून काकांचा आवाज आला, "भात वाढ गं अजून."

काकींनी पदर तोंडात कोंबला आणि त्या रडल्या. संध्याकाळी त्यांनी आपला उपास वरण-भातावर सोडला आणि दुसऱ्या दिवशी मंगळवारही नेमानं पाळला.

मित्रांनो, पुढच्या रविवारी साईनाथ आणि लियाकत तळ्यावर गेले ते मरळ जिवंत आणायला झाकणाची बादली घेऊन. मला त्यांनी नेलं नाही. मी चुकले होते की बरोबर होते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. तुम्ही कधी मासे धरायला गेलात तर लागेल तेवढेच धरा, त्यांना तडफडत ठेवू नका, आणि कुणाच्या ताटात ते पडणार आहेत याचा निघण्याआधीच विचार करा. माझ्यासारखी पेटी तुमच्या घरी असेल तर काम झाल्यावर तिला स्वच्छ धुवा आणि झाकण उघडं टाकून वाळू द्या. बंद करून ठेवलं की आतला कुबट वास आमचाच आम्हाला सोसवत नाही.

सध्या मी लियाकतच्या ओट्यावर आहे. माझ्या पोटात काहीच नसतं. रोज सकाळी बुधाजीकाका एकटेच बोळ ओलांडून येतात आणि कोवळ्या उन्हात माझ्यावर बसतात. पेटीवर माणूस का बसतो, हे मला कळत नाही. पण ते दिवसेंदिवस थोडे थोडे जड होत चाललेत, हे जिजाकाकींच्याही आधी मला कळतं.