माझी डावी किडनी

माझी डावी किडनी माझ्या धाकट्या भावाला नको होती. गौतम दोन वर्षं डायलिसिसवर होता, आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेत होता, पण "ताईची किडनी घेणार नाही" हा हेका काही सोडत नव्हता. त्याच्या बायकोला, पूर्णिमाला, शुगर. तिची चालणार नव्हती. माझा रक्तगट जुळत होता. वीज मंडळात तीस वर्षं कारकुनी करून मी भल्याभल्यांना वठणीवर आणलं, पण हा मात्र ऐकेना.

शेवटी मीच त्याला ओढत नेऊन डॉक्टरांसमोर बसवलं. तिथं त्यानं खाली मान घालून सांगितलं, "ताई, मले एचआयव्ही आहे. अकरा वर्षं झाली."

डॉक्टरांनी मला हिंदीत समजावलं. गौतम नेमानं गोळ्या घेतो, तपासणीत विषाणू सापडतसुद्धा नाही, आणि अशा माणसांना आता किडनी बसवतात. मला त्याच्यापासून धोका नाही.

पण माझं डोकं भलतीकडेच गेलं होतं. दर दसऱ्याला आम्ही सगळे रेल्वेनं नागपूरला, दीक्षाभूमीवर जातो. भाजीभाकर सगळ्यांनी एकाच टिफिनातून खायची, ही आमच्या आईची रीत. गेली दहा-अकरा वर्षं गौतम मात्र आपली ताटली घेऊन लांबच्या सीटवर बसायचा. मला वाटलं, बायकोनं फितवलं. त्या बिचारीशी मी इतकी वर्षं धड बोलले नव्हते! तो लांब का बसायचा ते आता कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि लाज वाटली की मला राग येतो.

"डॉक्टरसाहेब, किडनी द्याच्या आधी याले दोन थापडा देल्या तर चालते का?"

"ऑपरेशन के बाद, आराम से," डॉक्टर हसत म्हणाले.

गौतम मात्र रडायला लागला. "तुही चांगली किडनी माह्या अंगात कायले वाया घालवून राहिली? मले वाटे, तू मले हातबी लावणार नाही."

मी त्याचा हात धरला. "माही किडनी आहे. कुठी ठेवाची ते मी पाहीन. तू सही कर."

त्यानं सही केली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा कूस भयंकर ठणकत होती आणि उशाशी पूर्णिमा होती. मी म्हटलं, "पूर्णिमा, मी चुकली." ती म्हणाली, "आधी बऱ्या व्हा ताई, भांडाले लय वेळ आहे." गुणाची बाई.

सहाव्या दिवशी गौतमची लघवीची नळी काढली. किडनी चालू झाली होती, पण दोन वर्षं त्याला लघवीच झाली नव्हती. आता आपोआप झाली तर ठीक, नाही तर परत नळी, असं डॉक्टर सांगून गेले. पूर्णिमा आणि मी मास्क लावून त्याच्या खोलीत गेलो. पायल नावाच्या नर्सनं त्याच्या हातात पाण्याची लिटरभर बाटली दिली. त्यानं ती तोंडाला लावली, घटाघटा प्यायला लागला, आणि मी किंचाळले, "ठेव! ठेव खाली!"

बाटली हिसकावलीसुद्धा. दोन वर्षं त्याला दिवसाचं पाणी चहाच्या कपानं मोजून दिलेलं. हात आपोआपच गेला.

"अरे दीदी, पीने दो! अब तो इनको पीना ही पीना है!" पायलनं मला चांगलंच झापलं. मला! गौतम टाके धरून हसत सुटला आणि बाटली परत घेऊन त्यानं ती अख्खी रिकामी केली.

मग आम्ही तिघी त्याच्याकडे बघत बसलो. पाऊण तास झाला. साठीतल्या बाईची किडनी. कामचुकार निघाली तर?

तेवढ्यात गौतमचा चेहरा बदलला. "ताई."

"काय झालं? दुखून राहिलं का?"

"नाही. मले लागली." त्याचे डोळे भरले. "दोन वर्षांनी लागली, ताई."

"मंग जा न बाप्पा! मले काय विचारून राहिला!"

पूर्णिमानं त्याला धरून बाथरूममध्ये नेलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आम्ही तिघी बाहेर कान लावून उभ्या राहिलो. आतून धार लागल्याचा आवाज आला, आणि मी त्या झापणाऱ्या पोरीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले.