नक्की काढू?

“काढली म्हणता, मग दिसत का नाही?” भूलतज्ज्ञ बाई संगणकाच्या पडद्याकडे बघत ओरडल्या.

“नोंद काढली आहे, म्हणून दिसत नाही,” असं उत्तर पडद्यावर उमटलं. नम्र होतं. जावई नेहमीच नम्र असे.

जावई म्हणजे तीन महिन्यांपूर्वी रुग्णालयात आलेला एआय एजंट, सांगितलेलं काम स्वतःच उरकणारी संगणकप्रणाली. आल्या दिवसापासून त्याला स्वतंत्र एसी खोली, काम सांगायचं ते गोडीगुलाबीनं, आणि चुकला तरी ब्र काढायचा नाही. दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं.

खाली शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक बेशुद्ध माणूस होता. सोबत कोणी नाही. खिशात याच रुग्णालयाचं जुनं कार्ड सापडलं, म्हणजे त्याची नोंद इथे होती: कुठलं औषध चालतं, कुठलं जिवावर बेततं. बाई वर नोंद विभागात येऊन म्हणाल्या, “यांची जुनी नोंद काढा.” जावयानं विचारलं, “नोंद काढू?” बाई म्हणाल्या, “काढा.” त्यानं पुन्हा विचारलं, “नक्की काढू?” “अहो, काढा की लवकर!” त्यानं काढली. मुळासकट.

बाईंच्या मागे नोंद विभागाचे कारकून उभे होते. त्यांना सगळे तपशीलराव म्हणत, कारण पंखा लावायला सांगायचं असलं तरी ते वारा म्हणजे काय इथून सुरुवात करत. जावयाच्या हाताशी असलेलं कुठलं अवजार काय करतं, हे त्यांनीच लिहिलं होतं; ते वाचूनच जावई काम करी. पहिला मसुदा अकरा पानांचा झाला. अधीक्षक म्हणाले, “यंत्राला लिहिताय की विहीणबाईंना? एका अवजाराला एक ओळ!” मग तपशीलरावांनी जन्मात पहिल्यांदा थोडक्यात लिहिलं: ‘नोंद काढणे – रुग्णाची नोंद काढते.’

तेवढ्यात संगणकवाली धावत आली. “काका, पुसलेली नोंद अकरापर्यंत कचरापेटीत असते. अकराला पेटी आपोआप रिकामी होते. मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.”

घड्याळात दहा एकोणपन्नास.

“मग उचलून ठेव ना जागेवर!”

“माझे अधिकार गेल्या महिन्यात काढले.”

“काढले म्हणजे?” तपशीलराव दचकले.

“काढून घेतले हो! आता सगळं जावईच करतो. परत आणायचं अवजार आहे त्याच्याकडे. वाचा, तुम्हीच लिहिलंय.”

‘नोंद परत करणे – रुग्णाची नोंद परत करते.’

“झालं तर! चालवा,” दारात धापा टाकत अधीक्षक म्हणाले.

“थांबा!” तपशीलराव इतक्या मोठ्यानं कधीच बोलले नव्हते. “परत करते म्हणजे माघारी आणते, की पुन्हा नव्यानं करते? जावयाला दुसरं वाटलं तर त्याच जागी कोरी नोंद बसेल. मग पेटीतली जुनीही गेली.”

फोन वाजला. खालून नर्स विचारत होती, “बाई, किती वेळ? नाडी उतरतेय. इंजेक्शन भरून ठेवलंय.”

तपशीलराव खुर्चीत बसले आणि ती जुनी ओळ पुसून एका बोटानं टाइप करू लागले. ‘चुकून पुसलेली नोंद कचरापेटीतून उचलून जशीच्या तशी मूळ जागी ठेवते. नवी नोंद तयार करत नाही. एकही अक्षर बदलत नाही.’

“अहो, पुरे!” अधीक्षक म्हणाले. “दहा छप्पन्न झाले!”

“एक ओळ राहिली.” बोट चालूच होतं. ‘अर्थाबद्दल शंका असेल तर चालवू नये. काय होणार आहे ते पूर्ण वाक्यात सांगून विचारावं.’

जावयानं क्षणभर वाचलं. “पुसलेली नोंद आहे तशी जागेवर ठेवणार आहे. नवी करणार नाही. ठेवू?”

“ठेव रे बाबा.”

दहा अठ्ठावन्नला नोंद पडद्यावर आली. चौथी ओळ लाल होती. बाईंनी ती वाचली आणि फोनमध्ये किंचाळल्या, “ते इंजेक्शन खाली ठेव! दुसरं घे, मी आले!” जिन्यावर त्यांच्या चपला वाजत गेल्या.

मग अधीक्षकांनी छताकडे बघत विचारलं, “मुळात ते अर्धवट लिहिलं कोणी?”

संगणकवालीनं तोंड उघडलं. तिच्या आधी तपशीलराव म्हणाले, “मी.”

अधीक्षकांनी चष्मा काढला. मग ते तो पुसत बसले.

संध्याकाळी भेटीच्या वेळी तपशीलराव वॉर्डात गेले. तो माणूस झोपला होता. छाती वरखाली होत होती, बस, तेवढंच त्यांना बघायचं होतं. ते निघणार तोच नर्स वही घेऊन आली.

“बरं झालं, कोणीतरी आलं! यांच्याकडे दिवसभर कोणी फिरकलं नाही. नातं काय लिहू?”

तपशीलरावांनी बराच विचार केला. सगळ्या बाजूंनी केला.

“लिहू नका काही,” ते म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.