शेळीपुढं बसलेलं गाव

विजयसिंहाचा बैल वैरणीला तोंड लावत नव्हता. डॉक्टर झाला, देवऋषी झाला, शेवटी त्यानं कडूबाईला बोलावलं. पालीजवळच्या आमच्या वस्तीवर ख्रिस्ती घर तेवढं तिचंच. ती गोठ्यात गेली, डोळे मिटले, "बापा, मुक्या जिवाला आराम दे, येशूच्या नावानं, आमेन," म्हणाली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी बैलानं कडबा खाल्ला.

झालं! गावाला अक्कल फुटली. विजयसिंह पारावर म्हणाला, "सगळी करामत डोळे मिटण्यात हाय."

पहाटे कडूबाईच्या दारात म्हशी, गाया, एक आजारी कोंबडा. सगळ्या जनावरांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधलेले! शेजारच्या बद्रीनाथची म्हैस तशीच चालत उकिरड्यात पडली, तर हा गडी खूश. "तुमचा देव लई कडक हाय, बाई. येताच लोळवली!"

आत कडूबाईचा नवरा म्हाळू अर्धांगवायूनं आडवा. रोज पहाटे ती त्याचा हात धरून प्रार्थना करायची, मगच तो भाकरी खायचा. आज या गर्दीत तेवढंच राहिलं होतं. म्हाळूनं भिंतीकडं तोंड केलं होतं. "बापाशी बोलल्याबिगर घास उतरंना गं," एवढंच म्हणत होता.

कडूबाई दारात आली. "मला आधी माझ्या माणसाजवळ बसू द्या."

"त्यो कुठं पळून चाललाय?" बद्रीनाथ म्हणाला. "हितं म्हशीचं दूध आटलंय!"

"प्रार्थना म्हंजे पिठाची गिरणी हाय का रे? डबा ठिवला, पीठ नेलं?"

"उगं भाव खाऊ नका, बाई," विजयसिंह म्हणाला. "डोळेच तर मिटायचेत."

कडूबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग आपली म्हातारी शेळी आणली, तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि बाजेवर उभी केली.

"घ्या. हिचेबी मिटले. बसा हिच्यापुढं."

आणि बसले! खोटं सांगत नाही, पांढऱ्या कपड्यातले, शिकलेले, चपला काढून हात जोडून बसले. शेळी ओरडली की सगळे मिळून "आमेन!" शेळीनं विजयसिंहाचं उपरणं निम्मं चघळलं, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

कडूबाईनं दार लावून घेतलं. म्हाळूचा हात हातात घेतला. "बापा," म्हणाली, आणि पुढं तिला शब्दच सुचेना. नुसती रडली. बऱ्याच वेळानं म्हाळूच म्हणाला, "आमेन."

तिनं भाकरी दुधात कुस्करली. त्यानं तोंड उघडलं.

"भाईर कोन हाय गं?"

"कुनी न्हाई. खा तुमी."