साडीमागची चार बोटं

शेषगिरींचं घर बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं मराठी घर. देव मराठीत आळवायचे आणि नवरात्रात गोंबे, म्हणजे बाहुल्या, कन्नड शेजाऱ्यांसारख्याच पायऱ्या रचून मांडायच्या. दसऱ्याला त्या पायऱ्यांपुढे सगळ्यांनी बसून एक फोटो काढायचा, ही रीत. फोटोत पायऱ्यांमागं जरीची साडी पडद्यासारखी ताणलेली असायची. आणि ती साडी हातांनी धरून तिच्यामागं शेषगिरींची बायको अहल्या उभी असायची.

त्याला कारण होतं. पूर्वी ते चिकपेटच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहत. भिंतीला ओल आलेली, ती झाकायला हवी, आणि घरमालक मल्लाप्पांना खिळा म्हटलं की तो आपल्याच अंगात घुसल्यासारखं व्हायचं. मग साडी धरणार कोण? ज्याचा फोटो बरा येत नाही तो. लग्नाच्या अल्बमात अहल्येचे डोळे जिथंतिथं मिटलेले आणि तोंड उघडं. सासूबाई अगदी मायेनं म्हणाल्या होत्या, "आमच्या अहल्येचा फोटो येत नाही हो." एखाद्याला वांगं सोसत नाही, तसं ते घरात ठरूनच गेलं. अहल्येनंही फारसा वाद घातला नाही.

यंदा लेकीचं, स्मृतीचं, लग्न ठरलं होतं. दिवाळीनंतर लग्न आणि लगेच जर्मनी. तिच्याबरोबर द्यायला म्हणून अहल्या एक जाडजूड स्क्रॅपबुक करत होती. त्यात स्मृतीच्या पहिल्या फ्रॉकची किनार होती, शाळेचा बिल्ला होता, लालबागच्या फुलांच्या प्रदर्शनाचं तिकीट होतं, आणि झाडून सगळे दसऱ्याचे फोटो होते. शेवटचं पान तेवढं यंदाच्या फोटोसाठी कोरं ठेवलेलं. दसऱ्याच्या सकाळी ती कौतुकानं पानं उलटत बसली आणि मध्येच तिचा हात थांबला. सासूबाई होत्या, नवरा होता, शेजारची मांजरसुद्धा दोनदा आली होती. पोरीची आई कुठंच नव्हती.

स्मृती शेजारी येऊन बसली. "आई, यात तू कुठायस गं?"

"आहे की. हे बघ." अहल्येनं साडीच्या काठावर दाखवलं. काठावरून पलीकडची चार बोटं डोकावत होती. "आणि इथं बोटाला पट्टी आहे बघ, विळी लागली होती. इथं साडी वाकडी झालीय ना, तेव्हा मला शिंक आली होती."

स्मृती खळखळून हसली. "आणि आम्ही सगळे दात काढतोय, कारण तू मागनं म्हणालीस, 'अहो, पोट आत!'" मग तिचं हसू ओसरलं. "मला माहितीये गं सगळं. पण तिकडे कुणी विचारलं, तुझी आई कोणती, तर काय दाखवू? बोटं?"

अहल्या उगाच गोंदाच्या बाटलीचं झाकण लावत बसली. आपण लेकीला बिनआईचं पुस्तक बांधून देतोय, हे मात्र दिवसभर तिच्या मनातून जाईना.

संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ रत्नाकर शहरातल्याच के. आर. पुरमहून आला. दर दसऱ्याला फोटो काढायचं काम त्याचंच. त्यानं कॅमेरा बाहेर काढला, तशी अहल्येनं सवयीनं साडी उचलली.

"मामा, आज आई पुढे बसणार," स्मृती म्हणाली.

"आणि साडी?"

"मी धरतो," शेषगिरी म्हणाले.

"म्हणजे आई सापडली आणि अप्पा हरवले!"

"साडीच नको मग," रत्नाकर म्हणाला.

"आणि दुर्गेच्या डोक्यावर वायफायचा डबा लोंबू दे?" शेषगिरींनी पायऱ्यांमागच्या वायरींच्या जंजाळाकडे हात केला.

अहल्या साडी हातावर घेऊन भिंतीकडे बघत होती. "अहो, हे हेब्बाळचं घर कुणाचं?"

"आपलं. का?"

"मग इथं आल्यापासून मी दर वर्षी कुणाला भिऊन साडी धरतेय? मल्लाप्पांना?"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, तिच्याही नाही. आणि खरं सांगायचं तर साडीमागं तिला बरं वाटायचं. तिथं चेहरा सांभाळावा लागत नसे.

"खिळे आणा."

"अगं, नवा पेंट आहे..."

"अहो."

"सरी, सरी," शेषगिरींनी कन्नडमधून होकार भरला. "स्वल्प, जरा हळू ठोक म्हणजे झालं."

अहल्या स्टुलावर चढली. पहिला खिळा वाकला. दुसऱ्यानं प्लास्टरचा एक टवका उडवला, तो खालच्या पायरीवर वाणी-वाणिणीच्या बाहुल्यांपुढं मांडलेल्या दुकानात जाऊन पडला. शेषगिरींनी डोळे मिटून घेतले. पण साडी लागली, एका कोपऱ्यात झोळ पडलेली का होईना.

अहल्या पुढे येऊन बसली आणि हातांचं काय करायचं तेच तिला कळेना. ते आपोआप खांद्यापर्यंत वर जात होते. शेवटी स्मृतीनं ते ओढून आपल्या मांडीवर घेतले.

"हसा," रत्नाकर म्हणाला. सगळे पासपोर्टला बसल्यासारखे बसले होते. "अक्का, काही जमत नाहीये गं. मागनं कुणी बोलतच नाहीये."

अहल्या समोर बघत, ओठही न हलवता पुटपुटली, "अहो, पोट आत."

शेषगिरी फिस्सकन हसले, स्मृती आईच्या अंगावर कोसळली, आणि रत्नाकरनं बटण दाबलं.

फोटोत अहल्येचे डोळे मिटलेले होते आणि तोंड उघडं. थेट लग्नाच्या अल्बमातल्यासारखं.

"आणखी एक काढू, अक्का," रत्नाकर म्हणाला. "नीट येईल."

"नको. हाच छापून आण."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. अहल्येनं त्याला मागून गोंद लावला आणि शेवटच्या पानावर बसवला. "कुणी विचारलं ना," ती स्मृतीला म्हणाली, "तर सांग, ही आमची आई. हसते तेव्हा अशीच दिसते."

एक कोपरा उचलत होता. गोंद सुकेपर्यंत तिनं तो चार बोटांनी दाबून धरला.