प्रयागचा घाम

किन्हीराजात आम्ही माठ घडवतो. वैशाखात माझी बायको प्रयाग बाळंत झाली, मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतिणीला पाचवी पुजेपर्यंत बंद खोलीत ठेवतात, बाजेखाली गोवऱ्यांचा शेक देतात आणि पाणी जवळजवळ देतच नाहीत. नवऱ्याने आत जायचे नसते. मी ओसरीवर माती मळत तिचे पाणी मागणे ऐकत असे.

आतले सगळे माझी मावशी मनकर्णाबाई बघायची. तिची स्वतःची लेक बाळंतपणात गार पाणी पिऊन गेली, असे ती मानायची. म्हणून प्रयागला सकाळ-संध्याकाळ ओव्याचे कोमट पाणी, तेही घोटभर. जीव मात्र होता तिच्यावर. त्या धगीत बसून तिचे पाय चेपायची.

पहिले दोन दिवस प्रयाग थट्टाही करायची.

"तुमचा भाचा एवढे माठ घडवते मावशी, एखाद्यातलं पानी तरी दाखवा मले."

तिला घाम फार येत होता. घामावाटे ताकद जाते म्हणून मावशीने आणखी एक गोधडी घातली. मी लोटा भरून दारापाशी गेलो, तर तिने तो उंबऱ्याबाहेरच उपडा केला.

"लेकराले माय पाह्यजे ना, जगदेव? मंग हे पानी ने इथून."

मी माघारी आलो. बाळंतपणातले मला काय कळते, असे वाटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मागणे थांबले. मावशी समाधानाने बाहेर आली.

"आटला घाम. अंग कोरडं झालं, निजली आता."

माझे हात मातीतच राहिले. माठ बाहेरून ओला होतो, म्हणून आतले पाणी गार राहते. पाणी संपले की तोच माठ उन्हात हात लावू नये असा तापतो. अंगाचेही तसेच असणार. ते तापले की घाम काढून निवत होते, आणि घामात गेलेले पाणी तहान होऊन परत मागत होते.

मावशीला बाजूला सारून आत गेलो. प्रयागचे कपाळ भट्टीतून काढलेल्या मडक्यासारखे लागले. गोधड्या फेकल्या, चिंधी भिजवून ओठांवर पिळली. पाणी गालावरून ओघळून गेले. डोळे उघडे होते, पण मला ओळखत नव्हते. मावशीनेच माठ उचलून आणला आणि प्रयागचे अंग भिजवू लागली. दवाखाना वाशिमला, बैलगाडीने दुसरा दिवस उजाडला असता. दिवस मावळायच्या आत प्रयाग गेली.

लेकराला शेजारच्या तुळसाबाईने पाजायला नेले. बायकांनी प्रयागला अंगणात न्हाऊ घातले. मावशी विहिरीवरून घागरी आणत राहिली. पुरे म्हटले तरी थांबेना. पाणी वाहत वाहत वाळत ठेवलेल्या माझ्या कच्च्या माठांपाशी आले आणि त्यांचे बूड विरघळू लागले. मी बघत होतो. उचलायला उठलो नाही.